ड्युएटमधला दुसरा माणूस कोण होता?

संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनवर हा भाग ऐकत असाल, तर शेजारच्याच्या मोबाइलकडे हळूच बघा. एकाची रील, तिच्यावर दुसऱ्याची, त्यावर अजून कुणाची. हा खेळ आपल्याकडे जुना आहे. कलगी-तुऱ्याचा फड घ्या. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. एकाने कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने ते गाऊन सोडवायचं. आणि कवनाच्या शेवटी शाहिराचं नाव गुंफलेलं असायचं, म्हणजे कुणी कुठेही गायलं तरी मूळ कुणाचं ते कळायचं.

टिकटॉकच्या ड्युएटमध्ये अर्ध्या स्क्रीनवर अनोळखी माणूस, अर्ध्यावर आपण. त्याचं नाव कॅप्शनमध्ये आपोआप यायचं. २९ जून २०२० ला बंदी आली. ज्यांनी व्हिडिओ सेव्ह केले त्यांचे उरले, पण वॉटरमार्कवर नाव फक्त अपलोड करणाऱ्याचं. कॅप्शन ॲपबरोबर गेली!

पुढच्या ऑगस्टमध्येच औरंगाबादच्या यशराज मुखातेने कोकिलाबेनच्या संवादाला चाल लावली, 'रसोडे में कौन था'. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाकिस्तानच्या दनानीर मोबीनची 'पावरी' क्लिप. त्यावर कितीतरी जणांनी आपापली पावरी केली. दनानीरचं नाव टिकलं, कारण ती आधीच व्हायरल होती.

ड्युएटमधल्या त्या साध्या माणसांचं तसं नाही. तुमच्या गॅलरीत एखादा असेल तर उघडून बघा, शेजारचा कोण ते सांगता येतंय का.