बिनमोलाचे मांजर

सातारा-सांगलीकडे मांजर सहसा कोणी विकत घेत नाही. शेजारी पिले झाली म्हणजे त्यांतले एक मागून आणावे व उंदरांचा बंदोबस्त त्याजकडे सोपवावा, हीच चाल. या बिनमोलाच्या प्राण्याची दखल कायद्याने कसकशी घेतली, हे पाहणे उद्बोधक आहे.

सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले. अर्थात १८६० चे पीनल कोड तेथे लागू पडले. त्याच्या ४२८ व्या कलमाने दहा रुपये वा अधिक किमतीचे जनावर मारणे किंवा निकामी करणे गुन्हा ठरविले. परंतु तो गुन्हा दुसऱ्याच्या मालाच्या नुकसानीचा. मालकानेच आपल्या मांजराची नखे उपटली, तर या कलमास बोलावयास जागा नव्हती. सांगली तर १९४८ पर्यंत पटवर्धनांचे संस्थान. इंग्रजी मुलखाचे कायदे तेथे आपोआप चालत नसत.

१८९० च्या कायद्याने जनावराच्या वेदनेकडे पाहिले खरे, पण त्याची दृष्टी मुख्यतः रस्त्यावरील, चारचौघांदेखतच्या क्रौर्यावर होती. ती घरात शिरली १९६० साली. ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले, ते याच वर्षी. नव्या कायद्याच्या ११ व्या कलमाने कोणत्याही प्राण्याचा अंगभंग गुन्हा ठरविला, मग करणारा मालक का असेना. शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे व वेसण घालणे यांस मात्र विहित रीतीने मुभा ठेविली. माणदेशच्या खिलारी बैलावर पोट असलेल्या शेतकऱ्याची अडचण कायद्याने जाणली, असे आम्ही समजतो. या यादीत मांजराची नखे नाहीत. आणि गादी फाटते ही काही पोटाची अडचण नव्हे.

नखे काढणे म्हणजे नखे कापणे नव्हे; त्यात बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्याने असा अंगभंग वर्ज्य केला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली ही शस्त्रक्रिया मना केली.

२०२३ च्या न्यायसंहितेने जनावराच्या किमतीची जुनी अटही काढून टाकिली. मात्र १९६० च्या कायद्यात पुढील दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास दंड ठरला तो दहा ते पन्नास रुपये. १८६० साली मांजर दहा रुपयांचे नाही म्हणून निराधार होते; पुढे त्याची वेदनाच दहा रुपयांत फिटू लागली. कायद्यास वेदना कळली. तिचे मोल कळावयाचे राहिले, असे आम्हांस वाटते.