टोकियो खटला आणि न्यायमूर्ती राधाबिनोद पाल : आंतरराष्ट्रीय न्यायातील नैतिकतेचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील पराभूत जपानच्या नेत्यांवर खटला चालविण्यासाठी जनरल मॅकआर्थर यांनी १९ जानेवारी १९४६ रोजी टोकियो येथे आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरण स्थापन केले. त्याच्या अकरा न्यायाधीशांत जपानचा वा तटस्थ राष्ट्राचा एकही प्रतिनिधी नव्हता. २८ आरोपींपैकी दोघे खटला चालू असताना मरण पावले व एकास मानसिक आजारामुळे वगळण्यात आले. नोव्हेंबर १९४८ मध्ये उरलेले सर्व २५ आरोपी दोषी ठरले. त्यांपैकी सात जणांना फाशी देण्यात आली.

भारताचे न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी मात्र सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे स्वतंत्र निकालपत्र लिहिले. त्यांचा युक्तिवाद कायदेशीर होता. १९२८ च्या केलॉग-ब्रियांड कराराने युद्धाचा त्याग केला; परंतु आक्रमण हा व्यक्तीचा दंडनीय गुन्हा ठरविला नव्हता. मग नंतर केलेला कायदा आधीच्या कृत्यांना कसा लावता येईल? न्यायाचा निकष जेत्यांनाही लागू व्हावयास हवा, ही त्यामागील नैतिक भूमिका होती. हिरोशिमा व नागासाकीवरील अणुबॉम्बहल्ल्यांची चौकशी झाली नाही. सम्राट हिरोहितो यांच्यावर खटला भरला गेला नाही आणि जैविक अस्त्रांचे प्रयोग करणाऱ्या जपानी '७३१ तुकडी'लाही अमेरिकेने अभय दिले.

तथापि, पाल यांनी जपानी सैन्याचे अत्याचार नाकारलेले नाहीत. नानकिंग येथील अत्याचारांचा पुरावा त्यांनी मान्य केला. त्यांसाठी आरोपींची व्यक्तिगत जबाबदारी सिद्ध झाली नाही, असे त्यांचे मत होते. जपानमधील राष्ट्रवाद्यांनी पुढे या निकालपत्राचा उपयोग जपानच्या समर्थनार्थ केला, तो म्हणूनच एकांगी ठरतो. दुसरीकडे, पाल यांचा निष्कर्ष स्वीकारल्यास नानकिंगच्या बळींना न्याय कोणी द्यावयाचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

१७ जुलै १९९८ रोजी संमत झालेल्या रोम संविधीने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाया घातला. १ जुलै २००२ पासून हा संविधी अमलात आला. त्याने पूर्वलक्षी शिक्षेस मनाई करून पाल यांच्या एका आक्षेपाचे निराकरण केले. परंतु अमेरिका, रशिया, चीन आणि भारत या न्यायालयाचे सदस्य नाहीत. सुरक्षा परिषदेतील नकाराधिकारामुळे बलाढ्य राष्ट्रे चौकशी टाळू शकतात.

सारांश, जेत्यांचा न्याय अपुरा असतो. पण त्यावरील उपाय गुन्हेगारांना मोकळे सोडणे हा नव्हे, तर कायद्याची कक्षा जेत्यांपर्यंत वाढविणे हा होय. टोकियोत उपस्थित झालेला हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.