१९४१ ला परत

वास आधी येतो. ओलं गोणपाट, शेणखत आणि खारं वारं यांचं मिश्रण म्हणा हवं तर. मग ढेकरेसारखा आवाज, मग कुणाचंतरी हुंकारणं. कठड्याला टेकून खाली बघा.

फेब्रुवारीची सकाळ आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराचा हा समुद्राकाठचा भाग, ला होया. (स्पेलिंग पाहून काहीही वाटो, म्हणायचं होया.) खाली अर्धचंद्रासारखी चिमुकली पुळण, आणि तिला समुद्रापासून कवेत घेणारी काँक्रीटची वाकडी भिंत, सुमारे ३०० फुटांची. वाळूवर भरलेली पोती टाकावीत तसे सील पडलेत. राखाडी अंग, त्यावर शाई सांडल्यासारखे ठिपके. काहींनी डोकं आणि शेपूट दोन्ही टोकं उचलून धरलीत, अगदी होडीसारखी. एका मादीभोवती कुरव पक्ष्यांची झुंबड उडालीय. तिला नुकतंच पिल्लू झालंय आणि पक्षी वारेसाठी भांडताहेत. तिचं तिकडे लक्ष नाही. ती पिल्लाच्या नाकाला नाक लावून वास साठवून घेतेय. या वासावरच पुढं गर्दीत ती त्याला ओळखणार. माणसांच्या धांदलीत या पहिल्या दिवसांत दोघांची ताटातूट झाली, तर पिल्लू वाचणं अवघड.

मराठीत या प्राण्याला घरचं नाव नाही. सील म्हटलं की आपल्याला जप्ती आठवते: लाखेचा ठसा, दारावर डकवलेला कागद, खाली सही. इथं तेही आहे. खाली उतरणाऱ्या जिन्यावर अडसर आणि पाटी: १५ डिसेंबर ते १५ मे, प्रवेश बंद. सीलसाठी सील. आणि या जागेचं अधिकृत नाव काय? चिल्ड्रन्स पूल. मुलांचं पोहण्याचं कुंड. मुलं वर कठड्याला लोंबकळताहेत.

तुमच्या डाव्या हाताला एक बाई दुर्बीण लावून उभ्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या डोळा लावायला बोलावतात आणि पिल्लं मोजून दाखवतात. उजव्या हाताला सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, काखेत पोहण्याचे फिन्स. पाणी आहे, फिन्स आहेत, उतरता येत नाही. दोघं एकमेकांना ओळखतात. कसे, ते मान न वळवण्याच्या पद्धतीवरून कळतं.

आता भिंतीवर या. मोठी लाट भिंतीवर फुटते, पाणी अंगावर येतं. डोळे पुसा.

काँक्रीट कोरं झालंय. साल १९३१, मंदीचे दिवस. पाण्यात लोकरीचे पोहण्याचे पोशाख घातलेली पोरं आहेत. बाहेर येताना ते भिजून इतके जड होतात की एक हात कायम कमरेशी. इथं पूर्वी खडक आणि उसळतं पाणी होतं. ही शांतता विकत घेतलेली आहे. घेणारी बाई इथून हाकेच्या अंतरावर राहते: एलन ब्राउनिंग स्क्रिप्स, वय ९४. १८३६ साली लंडनमध्ये जन्म, लहानपणी अमेरिकेत आली, भावाच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत तपासत त्या धंद्याची भागीदार झाली. लग्न केलं नाही. पैसा मात्र असा वाटला की ‘टाइम’नं १९२६ मध्ये मुखपृष्ठावर छापली. याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला समुद्राचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे, तिलाही याच घराण्याचं नाव आणि याच बाईचा पैसा. समुद्र समजून घ्यायलाही तिनं पैसे दिले आणि त्याला मुलांपुरतं शांत करायलाही.

भिंतीचा आराखडा हायरम सॅव्हेज यांचा. शहराची धरणं बांधणारा माणूस. वाकून भिंतीच्या तळाशी बघा, धरणवाल्याची खूण सापडेल: आरपार भोकं. तिथं हात धरलात तर पाणी तळवा ओढतं. आत येणारी वाळू भरती-ओहोटीनं पुन्हा बाहेर धुऊन निघावी, म्हणून ही सोय. भिंत लाटांना अडवते, भोकं वाळूला वाट देतात. दोन्ही मिळून कुंड. हे लक्षात ठेवा, कारण पुढं वर्षानुवर्षं माणसं सीलवर भांडणार आहेत आणि या भोकांकडे फारसं कुणी बघणार नाही. ती पुढं बुजवली जाणार आहेत.

याच वर्षी राज्य सरकार ही किनारपट्टी शहराच्या हवाली करतं, पण विश्वस्त म्हणून. कागदात वापर मोजून दिलेत: सार्वजनिक उद्यान, मुलांसाठी पोहण्याचं कुंड, खेळाचं मैदान, रस्ता, करमणूक. आणि एक शब्द, ‘केवळ’. ज्यांनी आपल्याकडे धर्मशाळेच्या दारावरची दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी आणि आत चाललेलं मंगल कार्यालय एकाच वेळी पाहिलंय, त्यांना या ‘केवळ’ची ताकद आणि अगतिकता वेगळी सांगायला नको. स्क्रिप्सबाई पुढच्या वर्षी जातील. कागद राहील.

लाट.

साठीचं दशक. पुळण रुंद झालीय, पाणी थोडं मागं सरलंय. कमरेइतक्या पाण्यात एक बाप सहा वर्षांच्या पोराच्या पोटाखाली हात धरून उभा आहे. पोरगं हातपाय झाडतंय, नाकातोंडात पाणी, रडू आणि हसू एकत्र. बाप हळूच हात काढून घेतो. पोराला ते चार हात पोहल्यावर कळतं. चेहरा नीट पाहून ठेवा. मघाच्या फिन्सवाल्या गृहस्थांचा आहे. पुढं कुणी त्यांना सीलचा शत्रू म्हणेल तेव्हा हा हात आठवा.

सील? दूर खडकांपाशी फार तर एखादं गोल डोकं. मासेमाराच्या लेखी हा वाटेकरी, दिसला की गोळी. म्हणून सील माणसापासून दूर. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पलीकडे वॉशिंग्टनमध्ये निक्सन एका कायद्यावर सही करतात: सागरी सस्तन प्राण्यांना मारायचं नाही, पकडायचं नाही, त्रासही द्यायचा नाही. इथल्या वाळूवर त्या दिवशी काहीच घडत नाही.

लाट.

नव्वदीचं दशक, पहाट. पुळण रिकामी. भिंतीमुळं लाटा नाहीत, भोकं बुजल्यामुळं वाळूला उतार आलाय, समोर खोल पाणी आहे आणि मागं कडा. प्रसूतीसाठी याहून बरी जागा सीलच्या मादीनं स्वतः आखली नसती. हार्बर सील तासन् तास पाण्यात राहतो, पण ऊब आणि झोप त्याला जमिनीवर लागते, आणि पिल्लाला पाजणं वाळूवरच सोयीचं. एक पोटावर घसपटत वर येतो, थांबतो, कान देतो. (बाहेरून कान दिसत नाहीत, दिसले असते आणि तो वल्ह्यांसारख्या पायांवर चालला असता, तर सी लायन.) मग दुसरा. मग आठ.

शहरानं १९९४ मध्ये शेजारच्या सील रॉकभोवती राखीव क्षेत्र केलंय. सीलना त्या नकाशाचं काय! १९९७ मध्ये पाण्यात जंतूंचं प्रमाण इतकं वाढतं की पोहू नका म्हणून पाट्या लागतात. कारण उघड आहे आणि पायाखाली पडलेलं आहे. आता भांडणाला कुरूप, कुबट तपशील मिळतो. एक बाजू म्हणते, हे नैसर्गिक आहे. दुसरी म्हणते, ही भिंत नैसर्गिक आहे का? दोघांचंही बरोबर. म्हणूनच ते भांडण मिटत नाही. वाळूवर एक दोर लागतो, निघतो, पुन्हा लागतो. दोराच्या अलीकडे व्हिडिओ कॅमेरे, पलीकडे मुद्दाम दोर ओलांडून पाण्यात जाणारे पोहणारे, आणि माना वर करून दोघांकडे बघणारे सील. एकानं मान वर केली की चार करतात, मग अख्खा कळप धडपडत पाण्यात. पाजणं अर्धवट. हा क्षण चित्रित करायला एक बाजू टपलेली असते, तसं काही घडलंच नाही हे दाखवायला दुसरी.

पुढची लाट तुम्हाला न्यायालयात नेते, २००५. एका पोहणाऱ्या नागरिकानं शहरावर दावा लावलाय. मुद्दा सीलचा नाहीच. मुद्दा ‘केवळ’चा. विश्वस्तानं दात्याचा हेतू पाळला का? न्यायालय म्हणतं, नाही. वाळू उपसा आणि ही जागा १९४१ साली होती तशी करा.

नीट ऐकलंत ना? काळात मागं जाणारे तुम्ही एकटे नाही. कॅलिफोर्नियाच्या एका न्यायालयानं अख्ख्या पुळणीला ६४ वर्षं मागं जायचा हुकूम दिलाय. अपिलाच्या न्यायालयानंही तो २००७ मध्ये उचलून धरला. मला या निकालाची थट्टा करावीशी वाटते, पण जमत नाही. कागद वाचला की न्यायाधीशाजवळ दुसरं काय होतं? कागदात वाळू नव्हती. कागदात सील नव्हते. मुलं होती.

आता २० जुलै २००९. या दिवशी थोडं थांबा. उन्हाळा आहे, कठड्यावर गर्दी. न्यायालयाचा धीर सुटलाय: ७२ तासांत सील हुसकावायचं काम सुरू करा. शहराची योजना तयार आहे. ऐकून हसू नका. ध्वनिक्षेपक लावून कुत्र्यांचं रेकॉर्ड केलेलं भुंकणं वाजवायचं. त्यासाठी माणूस नेमायचा, कारण सील परत येणार. खर्च वर्षाला सुमारे ६ लाख ८८ हजार डॉलर. आपल्या ग्रामपंचायतीत माकडं पळवायच्या ठरावावर जी चर्चा होते, तिची ही महागडी आवृत्ती.

कठड्यावर दुर्बीणवाल्या बाई आहेत. अजून केस काळे. फोन कानाला, चेहरा पांढरा. थोड्या अंतरावर फिन्सवाले, कोर्टाच्या बातमीनं सैलावलेले. आणि त्याच दिवशी राज्याच्या राजधानीतून बातमी येते: सॅन डिएगोच्या सिनेटर क्रिस्टीन कीहो यांच्या विधेयकावर गव्हर्नर श्वार्झनेगर यांची सही झाली. विधेयकानं सील वाचवा असं थेट म्हटलेलं नाही. त्यानं १९३१ च्या यादीत एक वापर वाढवलाय: मुलांच्या आनंदासाठी आणि शिक्षणासाठी सागरी सस्तन प्राण्यांचं उद्यान. मुलांना हात लावलेला नाही. उलट त्यांनाच पुढं केलंय. कठड्यावरून सील बघणारं मूल हेही मूलच, हा त्यातला वकिली चलाखपणा. मला तो आवडतो. फिन्सवाल्यांना आवडलेला नाही. ते पाण्याकडे पाठ करून गाडीकडे निघतात. कुत्रे भुंकत नाहीत.

पुढचं भरभर. २०१३, रात्र. जानेवारीत इथं एक कॅमेरा बसलाय, घरबसल्या सील बघता यावेत म्हणून. त्यात वेगळंच दिसतं: अंधारात दोन तरुणी झोपलेल्या सीलवर बसताहेत, त्यांना मारताहेत. तुम्ही भिंतीवर आहात, ओरडून उपयोग नाही, हा तुमचा काळ नव्हे. मार्चमध्ये महापौर बॉब फिल्नर रात्रीचा प्रवेश बंद करतात. २०१४ मध्ये नगर परिषद विणीचे पाच महिने पुळण बंद ठेवायचं ठरवते, राज्याचा किनारा आयोग मान्यता देतो. पुन्हा दावा. एक न्यायालय बंदी उडवतं, २०१८ मध्ये वरचं न्यायालय ती पुन्हा ठेवतं. उरलेल्या सात महिन्यांसाठी दोर आहे. त्यात पाण्याकडे जायला तीन फुटांची फट.

अर्धं शतक पोहलेल्या माणसाला तीन फूट.

परत जायची वेळ झाली. पण एक लाट बाकी आहे, आणि तुमच्याजवळ असं काहीतरी आहे जे त्या न्यायालयाजवळ नव्हतं. हुकूम कधी अमलात आला नाही. तुम्ही तो अमलात आणू शकता. डोळे मिटा.

१९४१, उन्हाळा. डिसेंबर अजून दूर आहे. जिन्यावर अडसर नाही, पाटी नाही, दोर नाही. कठड्यावर दुर्बीण नाही. वाससुद्धा फक्त पाण्याचा. चपला काढा आणि उतरा. कुणीतरी आई हाताचा कर्णा करून पोराला बोलावतेय आणि पोरगं अर्थातच ऐकत नाही. पाणी पोटरीपर्यंत येतं. स्वच्छ, थंड. न्यायालयाला हवं होतं ते हेच.

लाट येते, भिंतीआड आल्यावर तिचा जोर सरतो, ती नुसती पसरते. मग परत जाते. खाली बघा. पावलं दिसत नाहीत. घोट्यापर्यंत वाळू चढलीय.