योटा नदीकाठची भूस्खलने

नैर्ऋत्य स्वीडनमध्ये व्हेनेर्न सरोवरातून निघून गॉथेनबर्गजवळ समुद्राला मिळणाऱ्या, सुमारे ९३ किमी लांबीच्या योटा नदीच्या काठांवर वारंवार होणारी मातीची घसरण. सह्याद्रीत दरडी कोसळतात त्या मुसळधार पावसात, तीव्र उतारांवर. इथे जवळजवळ सपाट दिसणारी जमीनही घरादारांसकट सरकते.

मूळ कारण मातीत आहे. हिमयुग सरताना खाऱ्या समुद्राच्या तळाशी इथली चिकणमाती साचली. मिठामुळे तिचे कण एकमेकांना धरून, मध्ये भरपूर पाणी राखून बसले. बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर आली आणि हजारो वर्षे झिरपणाऱ्या गोड्या पाण्याने ते मीठ धुऊन नेले. ही माती जागच्या जागी असेपर्यंत भार सोसते. पण एकदा ढवळली गेली की तिचे बळ पन्नासाव्या हिश्शाच्याही खाली जाते आणि ती ताकासारखी वाहू लागते. नदीचे काम त्यामानाने किरकोळ, पण अखंड चालणारे: प्रवाह काठाचा पायथा पाण्याखाली खरवडतो, जहाजांच्या लाटा त्यात भर घालतात. नदीची पातळी झपाट्याने उतरली की काठाला असलेला पाण्याचा आधार सुटतो, आतल्या छिद्रांतला दाब मात्र तसाच राहतो. पायथ्याशी लहानसा तुकडा सुटला, की त्यामागची जमीन एकापाठोपाठ एक खचत जाते.

१६४८ मध्ये इंटागान येथे घसरलेल्या मातीने नदीच अडली. हा बांध फुटून आलेल्या लोंढ्यात किमान ८५ माणसे दगावली. २९ सप्टेंबर १९५० रोजी सुर्ते गावाचा भाग काही मिनिटांत सरकला. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोक बेघर झाले. ७ जून १९५७ रोजी योटा गावातल्या लगदा कारखान्याजवळ सुमारे दीड किलोमीटर काठ ढासळून तिघे मरण पावले.

देखरेखीसाठी छिद्रदाबमापक, कलमापक आणि उपग्रहीय रडार वापरतात. पात्राचा तळ ध्वनिलहरींनी मोजतात. तरीही अशा मातीत केवळ हालचाल टिपणाऱ्या उपकरणांच्या भरवशावर राहता येत नाही, कारण पूर्वसूचना अल्प मिळते, कधी मिळतही नाही. म्हणून आधीच विंधून मातीचे नमुने तपासणे आणि धोक्याचे नकाशे करणे हेच खरे काम. स्वीडनच्या भूतंत्र संस्थेने २००९ ते २०११ या काळात संपूर्ण नदीखोऱ्याची अशी पाहणी केली. उपाय साधे आहेत: पायथ्याशी दगड टाकणे, काठावरचा भार उतरवणे, मातीत चुना-सिमेंटचे खांब घालणे.

सरोवरातून नदीत सोडायच्या पाण्याला १९३७ पासून न्यायालयीन निर्णयाने सेकंदाला सुमारे १,००० घनमीटरची मर्यादा आहे. २०००-०१ च्या हिवाळ्यात व्हेनेर्न तुडुंब भरल्यावर ती ओलांडावी लागली. सरोवराकाठची गावे वाचवण्यासाठी जास्त पाणी सोडले की खालच्या काठांची झीज वाढते. हा पेच अजून सुटलेला नाही.