‘इन्शुरन्स सगळीकडे सारखाच पडतो रे’

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ऐकताना सुटले असतील तर इथे निवांत वाचा.

गेल्या महिन्यात माझ्या गाडीच्या इन्शुरन्स रिन्यूअलचा मेसेज आला. ११,२७८ रुपये आणि खाली पेमेंटची लिंक. मागच्या वर्षी भरले होते ९,७४२. वर्षभरात एकही क्लेम नाही, गाडीची किंमत उतरलेली, तरी दीड हजार जास्त! कंपनीचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. सांगलीला बाबांना फोन केला आणि म्हटलं, दुसरीकडे भाव बघतोय. ते म्हणाले, “बघून काय करणार? इन्शुरन्स सगळीकडे सारखाच पडतो रे. भरून टाक.”

मी वाद घालणार होतो, पण आधी थोडं वाचलं. आणि लक्षात आलं की बाबा चुकीचं सांगत नव्हते. ते जुनं सांगत होते.

गोष्ट सुरू होते १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून. तुमच्या गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. कायद्यातलं हे प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ ला. म्हणजे विमा घ्यायचा की नाही, हा प्रश्न तेव्हाच संपला. राहिला प्रश्न किमतीचा.

तोही पुढे सरकारी चौकटीत गेला. १९६८ च्या दुरुस्तीने टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीला कायद्याचं बळ मिळालं. कमिटीने दर ठरवायचा आणि सगळ्या कंपन्यांनी तोच लावायचा. मग १ जानेवारी १९७३ ला जनरल इन्शुरन्सचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं आणि १०७ कंपन्यांच्या चार झाल्या: कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल, चेन्नईची युनायटेड इंडिया आणि आपल्या मुंबईची न्यू इंडिया, जी दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये सुरू केली होती.

ठरावीक दर म्हटलं की आपल्याला लगेच लायसन्स राज आठवतं. पण त्यामागे विचार होता. कंपन्या ग्राहक ओढायला दर पाडत सुटल्या आणि उद्या बुडाल्या, तर अपघातात पाय गमावलेल्या माणसाला पैसे कुणी द्यायचे? मला हा मुद्दा आजही पटतो.

हा दर निघायचा कसा? आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत सांगायचं तर एकच फंक्शन आणि मोजके इनपुट: गाडीची किंमत, इंजिनाची क्षमता, गाडीचं वय आणि झोन. २००२ च्या टॅरिफमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या, एक हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला झोन ए मध्ये ३.२८३ टक्के लागायचे, झोन बी मध्ये ३.१९१. मुंबई-पुणे ए मध्ये, सांगली बी मध्ये. पाच लाखांच्या गाडीला पुण्यात १६,४१५ आणि सांगलीत १५,९५५. नो क्लेम बोनस त्यातून वजा. हाच हिशोब चारही कंपन्यांकडे.

आता बाबांच्या जागी उभं राहून बघा. भाव सारखाच, मग निवडायचं काय? माणूस! आमच्याकडे एक एजंट काका होते. दरवर्षी तारखेच्या आधी घरी यायचे, चहा व्हायचा, चेक घेऊन जायचे. क्लेम आला तर गॅरेजपर्यंत सोबत यायचे. चार ठिकाणी चौकशी करणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं. त्या काळात बाबांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

गंमत अशी की २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, जाहिराती सुरू झाल्या, तरी दर तेच राहिले. दुकानं वाढली, भावफलक एकच. तो उतरला १ जानेवारी २००७ ला. ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा दर मोकळा झाला. थर्ड पार्टीचा मात्र आजही सरकारीच आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात माझ्या गाडीच्या गटाला, म्हणजे एक हजार ते दीड हजार सीसीला, ३,४१६ रुपये पडतात, कंपनी कोणतीही असो.

हे कळल्यावर मी दोन्ही वर्षांचे कागद शेजारी ठेवले. थर्ड पार्टी तीच, ३,४१६. वाढ सगळी ओन डॅमेजमध्ये: ४,८४० वरून ६,१४२. वर १८ टक्के जीएसटी. नो क्लेम बोनस ३५ वरून ४५ टक्के झाला होता, म्हणजे आकडा खाली यायला हवा होता. मग खाल्लं कुणी? डिस्काउंटच्या ओळीने. गेल्या वर्षी ५८ टक्के होता, यंदा ३०. याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

ब्रिटनमध्ये या प्रकारावर इतकी ओरड झाली की १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या नियामकाने बंदीच घातली: जुन्या ग्राहकाला रिन्यूअलचा भाव नव्या ग्राहकापेक्षा जास्त लावायचा नाही.

मी पाच ठिकाणचे भाव काढले. सगळ्यात स्वस्त होता ८,९००, पण त्यात आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, ४.८६ लाखांवरून ४.१ लाखांवर आणून ठेवलेली. ती परत ४.८६ केल्यावर भाव ९,६०० झाला. तरी स्वस्तच. बोनस बुडेल अशी बाबांना भीती होती, पण तो कंपनीचा नसतो, मालकाचा असतो, आपल्याबरोबर येतो. फक्त पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. मी कंपनी बदलली.

रविवारी घरी गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून फाइल काढली. २००७ पासूनच्या सगळ्या पॉलिसी ओळीने लावलेल्या, एकाच कंपनीच्या. काका आता फिरत नाहीत, रिन्यूअलची लिंक व्हॉट्सॲपवर येते. बाबा थोडा वेळ पानं उलटत राहिले.

“म्हणजे २००६ पर्यंत मी बरोबर होतो,” ते म्हणाले.

“हो बाबा, ३१ डिसेंबरपर्यंत.”

“आणि पुढची एवढी वर्षं?”

आम्ही हिशोब केला नाही. त्यांच्या गाडीची पॉलिसी मार्चमध्ये संपते. फाइल त्यांनी कपाटात परत ठेवली नाही, माझ्या बॅगेत टाकली.