गोड्या पाण्याने

उरणला आमच्या बाबांची सायकल रोज संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने धुतली जायची. बाबा मिठागरात कारकून. बांधावरून सायकल हाकत घरी आले की चहाच्याही आधी हाक मला: "गोड्या पाण्याची बादली आण गं." ज्यांच्या दारात खाडी असते त्यांनाच पाण्याला गोडं म्हणावंसं वाटतं. धुणं झालं की चेनीवरून तेलाचं फडकं फिरायचं. एवढं करून मडगार्डची दोन पावसाळ्यांत चाळण व्हायचीच.

मी पुढे धातुशास्त्र शिकले, लग्न होऊन १९८९ साली डेट्रॉइटजवळ आले आणि नोकरी लागली ती मोटारींचे सुटे भाग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मिठाच्या धुक्याच्या पेटीवर. मिठागरातून सुटले असं वाटलं होतं.

ही पेटी म्हणजे उरणचा पावसाळा डब्यात भरलेला. शंभराला पाच भाग मीठ, ३५ अंश तापमान, रात्रंदिवस बारीक धुकं. या चाचणीचं प्रमाण १९३९ सालापासून कागदावर आहे. रंगवलेल्या पत्र्यावर आधी टोकदार सुईने फुली मारायची, थेट लोखंडापर्यंत. पत्रा पेटीत ठेवायचा आणि शेकडो तासांनी बाहेर काढून फुलीच्या कडेचा रंग खरवडून बघायचा, गंज आत किती मिलिमीटर शिरलाय ते. वरून रंग तुळतुळीत आणि नखाने उचलला की खाली तपकिरी भुकटी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नव्याकोऱ्या गाडीकडेही मला सरळ नजरेने बघता येत नाही.

पेटीबाहेर तेच काम हिवाळ्यातले रस्ते करतात, कारण बर्फ वितळवायला इथे त्यांवर मीठ टाकतात. गंमत म्हणजे ही चाल तशी अलीकडची. घोड्यांच्या काळात इथे बर्फ काढत नसत, दाबत. मोठाले लाकडी रूळ फिरवून रस्ता घट्ट करायचे, कारण घसरगाड्यांना बर्फच हवा असे. मोटारी आल्या आणि तोच बर्फ शत्रू झाला. मग राख आली, वाळू आली, चाकांना साखळ्या आल्या. वाळू गोठू नये म्हणून तिच्यात थोडं मीठ मिसळत, एवढाच मिठाचा मान. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने नुसतं मीठ टाकून पाहिलं आणि १९४१-४२च्या हिवाळ्यात ते रीतसर धोरण झालं. त्या हिवाळ्यात देशभरच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. आता वर्षाला सुमारे दोन कोटी टन पडतं.

आणि डेट्रॉइटला मीठ लांबून आणावंही लागत नाही. शहराच्या पोटातच आहे. १८९५ साली त्याचा पत्ता लागला, १९०६ साली विहीर खणायला घेतली, ती हजार फुटांखाली मिठाला भिडायला १९१० उजाडलं. त्या कामात माणसं मेली, खाणीच्या कंपनीचं दिवाळं निघालं. खाली मीठ ओढायला खेचरं दोराने सोडली. यंत्रं सुटी करून उतरवायची आणि खाली पुन्हा जोडायची. सुरुवातीचं मीठ कातडी कमवायला आणि खाद्यपदार्थांना जायचं. रस्त्यांचं गिऱ्हाईक नंतरचं. उन्हात वाफे सुकवून, तळपाय फाटेस्तोवर राबून जे मीठ आमच्याकडे पिकतं, ते इथे सुरुंग लावून फोडतात आणि मोटारी बनवणाऱ्या गावातच मोटारींखाली पसरतात!

मिठाने बर्फ 'तापत' नाही. खारं पाणी शून्याला गोठत नाही, एवढंच. थंडी उणे नऊ-दहाच्या खाली गेली की साधं मीठ फारसं चालेना होतं, मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची फवारणी. हे दोघे हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे गाडीचं पोट वाळतच नाही. गाडी मायेने उबदार गॅरेजमध्ये ठेवणारे तर गंजाला अंथरूणच घालून देतात. बाहेर कडाक्यात गंजाची क्रियाही जवळपास थिजते. आत ऊब मिळाली की ती जोमाने सुरू होते.

आमची पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने नवी मॅट टाकून दिली होती. आम्हाला केवढं कौतुक. आठवड्याने मॅट उचलली तर खाली पळता रस्ता दिसला. पायाखालची जमीन सरकणे मी शब्दशः अनुभवलंय. त्या भोकावर आम्ही प्लायवूड ठोकून दोन हिवाळे काढले.

इथले शेतकरी म्हणे इंजिनाचं जळकं तेल गाडीखाली फासून मुद्दाम मातीच्या रस्त्याने जायचे. धूळ चिकटून चिलखत तयार. १९५९ साली कर्ट झीबार्ट नावाच्या जर्मन मेकॅनिकने डेट्रॉइटमध्ये हेच शहाणपण दुकानात आणलं. दारांच्या आणि पत्र्यांच्या पोकळ्यांत गंजरोधक फवारायचा, पैसे घ्यायचे. धंदा जोरात चालला, कारण नव्या गाड्या चार-पाच हिवाळ्यांत झिरझिरीत होत. सत्तरच्या दशकातल्या शेव्हरले व्हेगा गाडीचे पुढचे फेंडर तर गंजाचं उदाहरण म्हणूनच लोकांच्या ध्यानात राहिले. पुढे विजेने रंग चढवणाऱ्या टाक्या सुधारल्या, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास झाला. जस्त आधी स्वतः झिजतं, मग लोखंडाची पाळी. बाहेरचा पत्रा वाचला.

वाचला नाही तो खालचा संसार: ब्रेकच्या नळ्या, सांगाडा, सस्पेन्शन. ब्रेकच्या पोलादी नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याने काही वर्षं चौकशी केली. २०१५ साली ती मिटवताना गाड्या बनवणाऱ्या कंपनीला त्या परत घ्यायला लावलं नाही. गाडीवाल्यांनाच सल्ला दिला की जुन्या गाड्यांच्या नळ्या तपासा आणि हिवाळाभर गाडीचं पोट धूत राहा. मीठ टाकणार सरकार, नळ्या बसवणार कंपनी आणि बादली पुन्हा आमच्या हातात. तो कागद वाचताना मला हसूच फुटलं.

तर धुवायचं कसं? जानेवारीत पारा शून्यावर चढला की कार वॉशपुढे रांग लागते. खालून फवारा मारणारा वॉश घ्यावा, पण पाणी पुन्हा पुन्हा फिरवून वापरणारा नको, नाहीतर कालचंच मीठ आज आपल्याला. नुसती वरची चकाकी म्हणजे तोंड धुऊन पावडर लावणं. चाकांच्या कमानीत आतल्या कडेला चिखलाची जी वळकटी बसते, ती बोटांनी उकरून काढावी लागते. ओल्या पोटिसासारखी महिनोन् महिने ती मीठ धरून ठेवते. दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं मी झाडूच्या काडीने मोकळी करते. भारतातून आणलेला खराटा त्यासाठीच जपलाय.

आणि एप्रिल लागला, बागेचा नळ सुरू झाला की गवताचा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून द्यायचा. ही युक्ती शेजारच्या आजोबांची. पाणी पत्र्यावर आतून तडतडतं, पावसाळ्यात पन्हळीवर वाजतं तसं. पाचेक मिनिटांनी गाडी हातभर पुढे घ्यायची, पुन्हा पाणी. पहिलं पाणी राखाडी येतं, मग तांबूस, मग नितळ. "अगं, पाण्याचं बिल!" नवरा दारातून ओरडतो. मी "आणखी एकदा" म्हणते आणि गाडी आणखी हातभर पुढे घेते.