पर्ससीन मासेमारी (कोकण किनारा)
थव्याने फिरणाऱ्या मासळीला जाळ्याच्या भिंतीने वेढून, तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर आवळून अख्खा थवा पकडण्याची यांत्रिक पद्धत. बांगडा व तारली ही कोकणातली मुख्य लक्ष्ये. वेढ्यात अंडी धरलेली मासळी आणि पिल्लेही सापडतात; दाबाने व गुदमरून होणाऱ्या त्यांच्या मरणाची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

वाद पेटला तो वाटणीवरून. सिंधुदुर्गातील रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सामूहिकपणे ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीत, दोर ओढायला हात लावणाऱ्यालाही वाटा मिळतो. पर्ससीनला भांडवल लागते आणि नफाही मोजक्या मालकांकडे जातो. किनाऱ्याकडे येणारा थवा वाटेतच उचलला गेला, तर रापणीचे जाळे रिकामे येते. मालवणात यावरून समुद्रातच संघर्ष झाले.

पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दंड वाढवून कडक करण्यात आला. तरी खोल समुद्रात गस्त अपुरी पडते, हे मच्छीमारांचे जुने गाऱ्हाणे आहे.